एक चिप, दोन पेट्या
कन्सोल आणि संगणक यांच्या वादाचा इतिहास

नववी-दहावीच्या वर्गाजवळून मधल्या सुट्टीत जाताना कान दिला, तर एक वाद हमखास ऐकू येतो. गेम खेळायचे तर कन्सोल चांगला की पीसी? एक म्हणतो, कन्सोल टीव्हीला जोडला की काम झाले. ना व्हायरसची कटकट, ना ड्रायव्हरची. दुसरा म्हणतो, पीसीत हवे ते कार्ड बसवता येते, गेममध्ये स्वतः फेरफार करता येतात, शिवाय त्याच्यावर अभ्यासही होतो. (हे शेवटचे कारण बहुधा घरच्यांसाठी असते.) आपण शिक्षक मंडळी 'पुरे झाले, वह्या काढा' असे म्हणून पुढे सरकतो.

या लेखात आम्ही जरा थांबून हा वाद ऐकणार आहोत. वरवर पोरकट वाटणाऱ्या या भांडणाला चांगला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो पाहताना एक मजेची गोष्ट दिसते. ज्यांच्यात कोण बलवान म्हणून मुले भांडतात, त्या दोन्ही पेट्यांचा मेंदू सुरुवातीला एकच होता. फरक मेंदूचा नव्हता, दुसऱ्याच एका गोष्टीचा होता, आणि त्या गोष्टीचा आपल्या शाळेतल्या संगणक कक्षाशी जवळचा संबंध आहे.

दोन परंपरा

सन १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ नावाच्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोन अंतराळयानांच्या लढाईचा खेळ रचला. त्या संगणकाची किंमत एक लाख डॉलरहून अधिक होती. तो खेळण्यासाठी कोणी घेतलेला नव्हता. पण यंत्र सर्वसाधारण कामाचे असल्यामुळे त्याला खेळही शिकवता आला. या प्रोग्रॅमच्या प्रती हातोहात इतर प्रयोगशाळांत गेल्या आणि जो तो त्यात आपली भर घालू लागला.

दुसरी परंपरा सुरू झाली ती दूरचित्रवाणी संचापासून. संरक्षण खात्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची कामे करणाऱ्या सँडर्स असोसिएट्स या कंपनीतील अभियंता राल्फ बेअर याला १९६६ मध्ये प्रश्न पडला की, घरोघरी असलेल्या या संचावर कार्यक्रम पाहण्याखेरीज आणखी काही करता येणार नाही का? त्याच्या प्रयोगांतून १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा 'ओडिसी' बाजारात आला. घरगुती कन्सोल म्हणतात तो हा पहिला. त्यात प्रोसेसर नव्हता, स्मृती नव्हती, आवाजही नव्हता. होते ते काही ट्रान्झिस्टर आणि डायोड. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ दिसे. मैदान, चक्रव्यूह वगैरे देखावा हवा असेल तर रंगीत पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर लावायचा! सोबत मिळणारी कार्डे आतील तारांची जोडणी तेवढी बदलत. आत प्रोग्रॅमच नाही, तर बदलणार काय?

म्हणजे एकीकडे सर्व काही शिकवता येईल असे, पण कोणाला न परवडणारे यंत्र आणि दुसरीकडे परवडणारे, पण ठरलेले तेवढेच करणारे यंत्र. या दोघांना जवळ आणले ते एका स्वस्त चिपने.

पंचवीस डॉलरचा मेंदू

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका प्रदर्शनाच्या वेळी मॉस टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीने ६५०२ नावाचा प्रोसेसर विकायला काढला. किंमत पंचवीस डॉलर. त्या काळात इंटेलचा ८०८० प्रोसेसर बाजारात आला तो ३६० डॉलरना, हे ध्यानात घेतले म्हणजे लोकांना ही किंमत खरी का वाटली नसेल ते समजते. चक पेडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टरमध्ये हा मेंदू बसवला होता.

दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, याच मेंदूची दोन यंत्रे बाजारात आली.

पहिले यंत्र अ‍ॅटारी कंपनीचे व्हीसीएस, पुढे '२६००' म्हणून प्रसिद्ध झालेले. किंमत १९९ डॉलर. त्यात ६५०२ चीच कमी पायांची आवृत्ती, ६५०७, होती. किंमत खाली ठेवण्यासाठी किती काटकसर करावी? या यंत्राची स्मृती होती १२८ बाइट, म्हणजे रोमन लिपीतील १२८ अक्षरे मावतील एवढी. एवढ्याशा जागेत पडद्याचे संपूर्ण चित्र साठवणे अशक्य. मग चित्र दिसे कसे?

येथे जुन्या टीव्हीचे कार्य आठवू या. पिक्चर ट्यूबमधील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे एकेक रेषा काढत वरून खाली येतो आणि अमेरिकन पद्धतीत हे सेकंदाला सुमारे ६० वेळा घडते. अ‍ॅटारीचा प्रोसेसर या झोताच्या जोडीने धावे. एक रेषा पुरी होण्याच्या अवधीत त्याचे फक्त ७६ ठोके होत. तेवढ्यात या रेषेवर काय काढायचे ते ठरवायचे आणि लगेच पुढच्या रेषेच्या तयारीला लागायचे. संपूर्ण चित्र यंत्रात कोठेच नसे. ते असे फक्त पडद्यावर आणि आपल्या डोळ्यांत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या बुद्धीची ही कसोटीच होती. मात्र खेळणाऱ्याला यातले काही दिसत नसे. खेळ एका बंद कॅसेटमध्ये येई आणि यंत्राला ना टंकफलक, ना काही लिहिण्याची सोय.

दुसरे यंत्र अ‍ॅपल-२. प्रोसेसर ६५०२, म्हणजे तोच; गतीही जवळपास तीच, सेकंदाला दहा लाख ठोके. पण याला टंकफलक होता, ४ किलोबाइट स्मृती होती, यंत्र सुरू करताच बेसिक ही भाषा हजर होती आणि वरचे झाकण हाताने उचलून आत नवी कार्डे बसवण्यासाठी आठ खाचा होत्या. किंमत मात्र १,२९८ डॉलर, अ‍ॅटारीच्या साडेसहा पट!

गंमत अशी की, या संगणकाचे गुण एका खेळातून आले होते. तो बनवणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियाकने त्याआधी अ‍ॅटारीसाठी 'ब्रेकआउट' या विटा फोडण्याच्या खेळाचे मंडल रचले होते. तोच खेळ तारा न जोडता केवळ बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहून करता यावा, अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याने संगणकाला रंग दिले, आवाज दिला आणि खेळाची मूठ जोडण्याची सोय दिली. पुढे हिशेबनिसांनी जो संगणक कार्यालयात नेला, त्यात विटा फोडण्याची हौस दडलेली होती.

उघड्या दाराचे नुकसान

बंद पेटी वाईट आणि उघडी पेटी चांगली, असा निष्कर्ष येथेच काढला तर चुकेल. पुढचा प्रसंग उलटी साक्ष देतो.

अ‍ॅटारीच्या यंत्रावर लिहिण्याची सोय नसली, तरी त्याच्या कॅसेटच्या खाचेला कुलूपही नव्हते. कॅसेटवर आपले नाव येत नाही आणि नफ्यात वाटाही मिळत नाही म्हणून चार प्रोग्रॅमर अ‍ॅटारीतून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली. अ‍ॅटारीने दावा लावला, पण १९८२ मध्ये समेट झाला आणि बाहेरच्यांनी कॅसेटी काढण्याचा मार्ग मोकळा झाला. अ‍ॅक्टिव्हिजनचे खेळ उत्तम होते. त्यांच्या पाठोपाठ मात्र ज्यांना खेळ रचण्याचे ज्ञान नव्हते, असे अनेकजण बाजारात उतरले. खुद्द अ‍ॅटारीनेही 'ई.टी.' या चित्रपटावरचा खेळ जेमतेम पाच आठवड्यांत लिहवून घेतला. दुकाने न खपलेल्या कॅसेटींनी भरली. १९८३ मध्ये अ‍ॅटारीने न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत आपला माल पुरला; २०१४ मध्ये उत्खनन करून त्या कॅसेटी बाहेरही काढण्यात आल्या. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमची उलाढाल दोन वर्षांत दहाव्या हिश्श्याहूनही खाली आली.

याच वेळी संगणकांच्या किमती उतरत होत्या. १९८२ मध्ये ५९५ डॉलरना आलेला कमोडोर-६४ वर्षभरात दोनशेच्या आसपास मिळू लागला. त्याचा मेंदू? ६५०२ चाच भाऊ, ६५१०. पालकांनी सरळ हिशेब केला: तेवढ्याच पैशांत खेळही होतो आणि मूल काही शिकतेही, मग नुसता कन्सोल कशाला? वादाची पहिली फेरी संगणकाने जिंकली.

कुलूप

जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिकॉम' आला. त्यातील रिको कंपनीच्या चिपचा गाभाही ६५०२ चाच होता. हे यंत्र १९८५ मध्ये अमेरिकेत नेताना निन्टेन्डोने अ‍ॅटारीच्या अनुभवावरून धडा घेतला. एक छोटी चिप कन्सोलमध्ये आणि तिची जोडीदार प्रत्येक कॅसेटमध्ये बसवली. सुरू झाल्यावर दोघी एकाच क्रमाने आकडे तयार करत राहत. क्रम जुळला तर खेळ चाले. जुळला नाही तर कन्सोलमधील चिप प्रोसेसरला सेकंदासेकंदाला पुन्हा आरंभाला पाठवी. पडदा नुसता लुकलुकत राही.

ही झाली किल्ली. तिच्या जोरावर निन्टेन्डोने अटी घातल्या. बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे, ते तपासून घ्यायचे आणि कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या. रद्दी माल बंद झाला, गिऱ्हाइकाचा विश्वास परत आला आणि मेलेला धंदा उभा राहिला. यामागे एक अर्थशास्त्रही आहे. पुढे अनेक कन्सोल उत्पादनखर्चाच्या आसपास, कधी त्याहून कमी किमतीतही विकले गेले आणि कमाई झाली ती प्रत्येक खेळावरच्या शुल्कातून. कुलूप नसेल तर शुल्क नाही आणि शुल्क नसेल तर पेटी स्वस्त देता येणार नाही. कन्सोलच्या बाजूने बोलणाऱ्या मुलाचे 'स्वस्त आणि बिनघोर' हे म्हणणे या कुलपावर उभे आहे.

जपानमधील मूळ फॅमिकॉमला मात्र हे कुलूप नव्हते. म्हणूनच त्याच्या असंख्य नकला झाल्या आणि १९९० नंतर त्या आपल्या गावोगावी पोहोचल्या. आपल्यापैकी तरुण शिक्षकांनी 'व्हिडिओ गेम' म्हणून जो खेळला तो बहुधा हाच. 'मारिओ', 'काँट्रा' आणि एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचा तो अजब दावा! कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारत असू. फुंकरीने फायदा होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवताना धातूच्या पट्ट्यांचा स्पर्श नीट होई, इतकेच. उलट श्वासातील ओलाव्याने पट्ट्या गंजण्याची भीती.

परवानगीवाचून

आता संगणकाकडे वळू. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला आणि त्याची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे इतर कंपन्यांना त्याला जोडायची कार्डे आणि पुढे त्याच्यासारखी यंत्रे बनवता आली. पण खेळाच्या दृष्टीने हा पीसी दुबळाच होता. फॅमिकॉममध्ये चित्रासाठी वेगळी चिप होती. संपूर्ण देखावा सरकवणे आणि त्याच्यावर ६४ लहान आकृत्या हलवणे ही कामे ती परस्पर करी. पीसीवर हा भार प्रोसेसरवर पडे. मारिओप्रमाणे पळणाऱ्याच्या मागे देखावा सुरेख सरकवणे पीसीला जमत नसे.

सन १९९० मध्ये जॉन कारमॅक या वीस वर्षांच्या तरुणाने त्यावर तोड काढली. देखावा छोट्या चौकोनी फरशांचा बनलेला असतो. देखावा सरकला तरी निळ्या आकाशाच्या फरशीच्या जागी बहुतेक ठिकाणी निळ्या आकाशाचीच फरशी येते. मग ती पुन्हा काढायची कशाला? जेथे फरशी खरोखर बदलते, तेवढीच काढायची. काम एवढे हलके झाले की पीसीवर देखावा सरकू लागला. कारमॅक आणि त्याच्या मित्रांनी या युक्तीने मारिओचा खेळ पीसीवर करून निन्टेन्डोला दाखवला. निन्टेन्डोने नकार दिला. तेव्हा त्यांनी आपलेच पात्र घेऊन त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'कमांडर कीन' प्रसिद्ध केला. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

त्याच मंडळींनी १९९३ मध्ये 'डूम' काढला. त्यात त्यांनी प्रोग्रॅम आणि खेळातील देखावे, नकाशे यांच्या फाइली मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. खेळणाऱ्याला स्वतःचे नकाशे घालता यावेत म्हणून. १९९७ मध्ये मूळ प्रोग्रॅमही खुला केला. 'हाफ-लाइफ' या १९९८ च्या खेळात अशाच हौशी लोकांनी फेरफार करून १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' तयार केला. पुढे आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये मुले तासाचे पैसे मोजून खेळत तो हाच. दुबळ्या यंत्रावर नव्या कल्पना निघाल्या, कारण तेथे दाराशी कोणी अडवत नव्हते.

शाळेतली पेटी

याच चिपची आणखी एक पेटी आपल्या शाळांपर्यंत आली होती. ब्रिटनमध्ये बीबीसीने संगणक साक्षरतेची मोहीम हाती घेतली आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये 'बीबीसी मायक्रो' बनवला. मेंदू ६५०२, गती दुप्पट. बटण दाबताच पडद्यावर बेसिक भाषा आज्ञेची वाट पाहत उभी. आपल्या केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने शाळांतील संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला, त्यात पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांना हीच यंत्रे मिळाली. आमच्या ज्येष्ठ वाचकांपैकी काहींनी ती हाताळली असतील.

या शाळकरी यंत्रावर डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये 'एलिट' हा आकाशगंगांतून व्यापार करण्याचा खेळ लिहिला. याच यंत्रावर सोफी विल्सन यांनी बेसिकमध्ये एका नव्या प्रोसेसरची प्रतिकृती चालवून पाहिली आणि १९८५ मध्ये तो प्रोसेसर प्रत्यक्षात आला. त्याचे नाव एआरएम. आज आपल्या खिशातील मोबाइलमध्ये त्याचेच वंशज आहेत. निन्टेन्डोने २०१७ मध्ये आणलेल्या 'स्विच' या कन्सोलमध्येही तेच आहेत. शाळेच्या उघड्या पेटीत जन्मलेला मेंदू अखेर कुलूपबंद पेटीत जाऊन बसला!

पेट्या सारख्या, किल्ल्या वेगळ्या

पुढे दोन्ही यंत्रांच्या आतले अंतर मिटत गेले. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या एक्सबॉक्समध्ये पेन्टियम-३ आणि हार्ड डिस्क होती, म्हणजे तो जवळजवळ पीसीच. २०१३ च्या प्लेस्टेशन-४ आणि एक्सबॉक्स-वन या दोहोंत पीसीच्याच जातीचे एएमडी कंपनीचे प्रोसेसर होते. उरला तो फरक किल्लीचा. सोनीचा प्लेस्टेशन-३ याचे उदाहरण आहे. २००६ मध्ये तो आला तेव्हा त्याच्यावर लिनक्स बसवण्याची मुभा होती आणि अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने असे सुमारे १,७०० कन्सोल जोडून एक महासंगणक उभारला. परंतु एप्रिल २०१० मध्ये सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन ही मुभा काढून घेतली. लोकांनी विकत घेऊन घरात ठेवलेल्या पेटीचे एक दार दुरून बंद झाले.

पीसीनेही या काळात आपले रूप पालटले. तो सुरू झाल्यावर बेसिक दिसेनासे झाले, चित्रे दिसू लागली. दार उघडेच होते, पण मुलांना ते दिसेनासे झाले. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राच्या प्रवेशाचे काम पाहणाऱ्या एबन अप्टन यांना जाणवले की, अर्ज कमी येत आहेत आणि येणाऱ्या मुलांना पूर्वीइतके प्रोग्रॅम लिहिता येत नाहीत. घरात प्रोग्रॅम लिहायला लावणारी यंत्रे जाऊन त्यांच्या जागी कन्सोल आणि तयार सॉफ्टवेअरचे पीसी आले, हे त्याचे एक कारण त्यांनी सांगितले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक आणला. त्यांच्यात 'एलिट'वाले ब्रेबनही होते. या संगणकाच्या सर्वांत साध्या नमुन्याची ठरवलेली किंमत होती पंचवीस डॉलर. १९७५ च्या त्या चिपएवढी.

मग मधल्या सुट्टीतल्या वादाचा निवाडा काय? आमच्या मते दोन्ही मुलांचे बरोबर आहे. केवळ खेळायचे तर बंद पेटी स्वस्त, बिनघोर आणि सर्वांना सारखी. खेळ बनवायचा, मोडायचा, बदलायचा तर उघडी पेटी हवी. आपल्यापुढचा प्रश्न तिसराच आहे. शाळेच्या संगणक कक्षात मुले ठरलेली चित्रे दाबून ठरलेले धडे पाहून बाहेर पडत असतील, तर टेबलावर पीसी असूनही आपण तो कन्सोलसारखाच वापरतो आहोत.

यावर एक छोटा तास सुचवतो. स्क्रॅच किंवा पायथॉन, जे शाळेत असेल त्यात, पडद्यावर एक चेंडू हलवा. चेंडूची जागा एक संख्या, वेग दुसरी. दर क्षणी जागेत वेग मिळवायचा. चेंडू कडेला पोहोचला की वेगाचे चिन्ह बदलायचे: अधिकचे उणे, उण्याचे अधिक. चेंडू उलटा फिरतो. सातवीत शिकवलेली ऋण संख्या मुलांना अशी भिंतीवर आपटून परतताना दिसेल. मग त्यांना आकडे बदलू द्या. दुप्पट वेगाला काय होते? दर क्षणी खालच्या दिशेचा वेग थोडा वाढवला तर? त्यांनी गुरुत्वाकर्षण घातलेले असेल.

त्या तासानंतर मुले कन्सोल आणि पीसी यांच्यावर पुन्हा भांडतील, यात शंका नाही. भांडू द्यावीत. मात्र त्यांच्यापैकी एखादा घरी जाऊन आपल्या खेळाच्या आत काय आहे ते शोधू लागला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे प्रश्न ऐकायला आपण तयार असायला हवे.